काकू, त्या अठरा दिवसांसाठी

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

परवा खरेदीखतावर सह्या झाल्या. लगेच तुम्हाला फोन केला, तर "छान झालं, आता आधी गच्चीचं काम बघून घ्या" एवढं बोलून तुम्ही ठेवूनही दिलात. आभार मानायला जागाच दिली नाहीत. म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण सहा-सात महिन्यांपूर्वी आम्ही ज्या गोंधळात होतो, त्यात आज कितीतरी जण असतील.

तुमची भेट झाली तेव्हा आम्ही विसार द्यायला निघालो होतो. तेही आधी पाहिलेल्या दुसऱ्याच घरासाठी. एजंटने सांगितलं होतं की दुसरी पार्टी उद्या सकाळी चेक घेऊन येतेय. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. तुमच्या मुलीने ऑफिसात माझा चेहरा पाहिला आणि संध्याकाळी थेट तुमच्यासमोर आणून बसवलं. तुम्ही आयुष्यभर बँकेच्या कर्जासाठी घरांचं मूल्यांकन केलंत, त्यामुळे वाटलं, आता भावाविषयी बोलाल. तुम्ही विचारलंत, "त्या भागात विकायला घरं किती आहेत? आणि महिन्याला जातात किती?" दोन्हींची उत्तरं माझ्याकडे नव्हती.

दोन संध्याकाळी बसून आम्ही ती काढली. एकच घर तीन एजंटांकडे असेल तर ते एकदाच धरायचं, हेही तुम्हीच सांगितलं होतं. विकायला होती ४४ घरं आणि महिन्याला व्यवहार होत होते जेमतेम चार. म्हणजे नवीन एकही घर आलं नाही तरी आहेत तीच संपायला अकरा महिने. सहा महिन्यांच्या आसपास आकडा असेल तर बाजाराचा तोल बरा मानतात, त्याच्या बराच वर गेला की बाजार घेणाऱ्याचा, असा ढोबळ हिशेब तुम्ही समजावलात. "अकरा महिन्यांचा माल पडून असताना उद्या सकाळची भीती बाळगू नकोस," हे तुमचं वाक्य ऐकलं आणि त्या रात्री मी शांत झोपले. ते घर तीन आठवड्यांनीही तसंच होतं, फक्त भाव उतरला होता.

मग सहा रविवार तुम्ही आमच्यासोबत फिरलात. गुडघे दुखत असताना जिने चढलात. हे मी कसं विसरेन?

त्यातलं एक घर अजून डोळ्यांसमोर आहे. एजंट म्हणाला, मालक गेल्याच महिन्यात दुसरीकडे राहायला गेले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, आणि त्याचं पान आठ महिन्यांपूर्वीचं. तुम्ही नजरेनेच मला ते दाखवलंत. बंद घराचे हप्ते, देखभाल आणि कर मालक आठ महिने भरतोय, म्हणजे तो भाव ऐकून घेणार, हे मला तिथेच उमगलं. मी मनातून खूश झाले. तोवर तुम्ही आतल्या खोलीत गेला होतात. चारही भिंती जुन्या रंगाच्या, पण एका कोपऱ्यात खालून दोन हात उंचीचा पट्टा ताज्या रंगाचा. तुम्ही तळहात टेकवलात आणि मलाही टेकवायला लावलात. भिंत थंडगार होती. बाजूचं कपाट जरा सरकवलं तर मागे पोपडे धरलेले. घर पडत्या भावात मिळत होतं, पण ओल कुठून येतेय ते कळल्याशिवाय त्याला आकडा लावायचाच नाही असं तुम्ही बजावलंत. आणि त्याबद्दल एजंटला काहीही न सुनावता, नमस्कार करून बाहेर पडलात. मालकाच्या घराला त्याच्या दारात नावं ठेवायची नाहीत, हा तुमचा नियमच.

भावाची बोलणी करताना तुम्ही आम्हाला पैशांत विचारच करू दिला नाहीत. जाहिरातीतला भाव म्हणजे शंभर धरायचा आणि पुढचं सगळं शंभरात बोलायचं. पण त्याआधी तो शंभराचा आकडा झाकून ठेवायचा आणि शेजारपाजारच्या तशाच घरांचे गेल्या सहा महिन्यांतले प्रत्यक्ष झालेले व्यवहार मांडून आपला आकडा काढायचा. मला हे जरा अतीच वाटलं होतं. नंतर वाचताना नॉर्थक्राफ्ट आणि नील या संशोधकांचा १९८७ सालचा प्रयोग सापडला. एकच घर त्यांनी एजंटांना हिंडून दाखवलं, पण सांगितलेला भाव मात्र वेगवेगळा. ज्यांना जास्त भाव सांगितला होता त्यांचं मूल्यांकनही जास्त आलं, आणि त्यातल्या बहुतेकांना आपण त्या आकड्याने हललो हे मान्यच नव्हतं. धंद्यातल्या माणसांचं हे होतं, तर आमचं काय झालं असतं!

आत्ताच्या या घरासाठी झाकलेल्या हिशेबातून ८८ ते ९० आले. आमची शेवटची पायरी ९०, ती चिठ्ठीवर लिहून तुम्ही तुमच्याच पर्समध्ये ठेवलीत. पहिली मागणी ८४ ची. इतकं पाडून मागताना माझी जीभ रेटेना, तेव्हा तुम्ही ते बोलायचं नाही, लिहायचं असं ठरवलंत. एका पानात सगळं होतं: घर का आवडलं, कोणत्या तीन व्यवहारांवरून हा आकडा आला, गच्चीच्या दुरुस्तीचा खर्च किती धरला, कर्जाची तत्त्वतः मंजुरी हातात आहे, आणि बांधकामाची तपासणी व कागदपत्रं नीट निघाली तरच पुढे जाणार. तळाशी मुदत. घरमालकांचं उत्तर आलं ९७, एक पैसा कमी नाही.

आणि मग ते अठरा दिवस. काहीच घडत नव्हतं. मी रोज म्हणायचे, ९३ तरी म्हणू या. रोज रात्री नऊ वाजता तुमचा फोन यायचा, पाच मिनिटांचा. एकदा तुम्ही म्हणालात, "ते घर त्यांनी तेजीत घेतलंय गं. ९७ म्हणजे त्यांनी तेव्हा मोजलेले पैसे. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांना वेळ दे." मंदीतल्या बॉस्टनमधल्या फ्लॅटविक्रीवर जेनेसोव्ह आणि मेयर या अर्थतज्ज्ञांनी २००१ साली नेमकं हेच दाखवून दिलं होतं. ज्यांना खरेदीच्या भावाखाली विकावं लागणार होतं ते भाव चढा लावत आणि त्यांची घरं जास्त काळ पडून राहत. तुम्हाला हे माणसं पाहून कळलं होतं.

दरम्यान तुम्ही आम्हाला मालकांना एकच निरोप द्यायला लावलात, त्यात आकडा नव्हता. तुम्हाला ताबा कधी द्यायला सोयीचा आहे? एवढंच. त्यांच्या मुलीची परीक्षा होती, त्याआधी त्यांना हलायचं नव्हतं आणि बाकीचे गिऱ्हाईक महिनाभरात ताबा मागत होते. आम्ही भाड्याने राहतो, तीन महिने थांबायला आमचं काहीच जात नव्हतं. अठराव्या दिवशी त्यांनी स्वतः फोन केला. तीन महिन्यांनी ताबा आणि ८९. तुमच्या पर्समधली चिठ्ठी उघडावीच लागली नाही.

चाव्या देताना त्यांनी आम्हाला गच्चीवर नेलं. टाकीचा कोणता व्हॉल्व्ह अडकतो, तो किती फिरवायचा, पाणी नेमकं कुठून मुरतं, हे सगळं हात लावून दाखवलं. वहीचं एक पान भरून स्वतःच्या अक्षरात लिहूनही दिलं आणि काही अडलं तर फोन करा म्हणाले. आम्ही ११ नी कमी भाव देऊन घर घेतलेला हा माणूस, काकू. तुम्ही ती मागणी तशी लिहायला लावली नसती, तर ते पान आमच्या हाती आलं नसतं.

तुमच्या सांगण्याप्रमाणे गच्चीचं काम सोमवारी सुरू होतंय. एक खोली तळमजल्यावरच आहे, जिना चढावा लागणार नाही. या रविवारी मी न्यायला येते.

तुमची,
सहा रविवारांची सोबतीण