नाव न सांगणाऱ्यांची जाहिरात

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या गटाने स्वतःची ओळख करून देणारा तासाभराचा रेडिओ-कार्यक्रम करायला घेतला आहे, हे वाचून फार आनंद झाला. तू विचारलेला प्रश्न मात्र पत्र आल्यापासून मनात घोळतो आहे. ज्या संगीताला ना मुखडा ना अंतरा, ज्यात यंत्रांचे आवाज, बोलण्याचे तुकडे आणि मोडून पुन्हा जोडलेली गाणी एकत्र येतात, ते अनोळखी श्रोत्यापुढे ठेवताना आधी समजावून सांगावे की सरळ ऐकवावे? तुझ्या काही सहकाऱ्यांना आरंभी एखाद्या जाणकाराचे प्रास्ताविक हवे आहे, असेही तू लिहितोस. माझे मत याच्या विरुद्ध आहे. ते का, हे सांगायचे तर सॅन फ्रान्सिस्कोच्या 'द रेझिडेंट्स' या गटाने रेडिओचा कसा उपयोग करून घेतला, याविषयी जरा सविस्तर लिहावे लागेल.

ही मंडळी मूळची अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुइझियाना राज्यातली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती कॅलिफोर्नियात आली आणि संगीताचे कोणतेही रीतसर शिक्षण नसताना टेपरेकॉर्डर हेच आपले मुख्य वाद्य मानून काम करू लागली. वॉर्नर ब्रदर्स कंपनीकडे त्यांनी एक टेप पाठवली होती, तिच्यावर पत्ता होता पण नाव नव्हते. नकारासह परत आलेल्या पाकिटावर 'रहिवासी' एवढेच लिहिलेले होते आणि तेच या गटाचे नाव झाले, असे ते सांगत आले आहेत. पुढची अनेक दशके गटातल्या कोणीही स्वतःचे नाव सांगितले नाही आणि चेहरा दाखवला नाही. १९७९ पासून तर डोक्याच्या जागी भलामोठा डोळा, त्यावर उंच टोपी आणि अंगात झोकदार कोट हेच त्यांचे सार्वजनिक रूप ठरले. जगाशी बोलायचे काम गटाचा कारभार पाहणाऱ्या, १९७६ मध्ये स्थापन झालेल्या क्रिप्टिक कॉर्पोरेशन या कंपनीतले लोक करीत. त्यांपैकी हार्डी फॉक्स यांनी आपणच या गटाचे मुख्य संगीतकार होतो, हे आयुष्याच्या अगदी अखेरीस उघड केले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता अशा गटाने स्वतःची जाहिरात कशी करायची? त्या काळच्या रेडिओवरील प्रसिद्धी मुख्यतः कलावंताच्या व्यक्तिमत्त्वावर उभी असे. १९६४ मध्ये कॅपिटॉल या तबकड्या काढणाऱ्या कंपनीने बीटल्स या चौघांच्या इंग्लिश गटाची जी प्रसिद्धी केली, तिच्यातला एक प्रकार मुद्दाम सांगतो. कंपनीने रेडिओ केंद्रांकडे एक तबकडी पाठवली होती. तिच्यावर त्या चौघांची फक्त उत्तरे होती आणि प्रत्येक उत्तराच्या आधी कोरी जागा सोडलेली होती. प्रश्न सोबतच्या कागदावर छापलेले असत. गावोगावचा निवेदक तो कागद समोर ठेवून त्या कोऱ्या जागेत प्रश्न वाचायचा आणि बीटल्स जणू आपल्याच केंद्रात येऊन बसले आहेत, असे ऐकणाऱ्याला वाटायचे. संगीताइतकीच किंवा त्याहूनही अधिक विक्री येथे ओळखीची होत होती. बरोबर दहा वर्षांनी रेझिडेंट्सनी आपली पहिली मोठी तबकडी काढली, तेव्हा तिच्या मुखपृष्ठावर त्याच कॅपिटॉलच्या बीटल्स-तबकडीचे चित्र घेऊन चारही चेहरे रेघोट्यांनी विद्रूप केले होते. मला तो केवळ खोडसाळपणा वाटत नाही. चेहऱ्यावर गाणे विकण्याच्या पद्धतीलाच त्यांनी तेथे हात घातला होता.

ती तबकडी विकली गेली नाही. पहिल्या वर्षात चाळीसच प्रती खपल्या, असे सांगतात. तरीही ती योग्य हाती पडली. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात केबीओओ नावाचे, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारे सामुदायिक रेडिओ केंद्र १९६८ पासून सुरू आहे. तेथले कार्यक्रम-संचालक बिल राइनहार्ट यांनी ती ऐकली, सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन या मंडळींची भेट घेतली आणि आपल्या कार्यक्रमातून त्यांचे संगीत वाजवायला सुरुवात केली. त्याच केंद्रावरचा आणखी एक निवेदकही मग ते लावू लागला. मोठ्या कंपन्यांनी, वितरकांनी आणि बहुतेक दुकानांनी ज्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, त्याला पहिला श्रोतृवर्ग मिळाला तो एका छोट्या केंद्रात बसलेल्या, आवडीने ऐकणाऱ्या माणसामुळे. तुम्ही ज्या सामुदायिक केंद्राचा विचार करीत आहात त्याची पोहोच दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढे नाही, याची तुला खंत वाटते. मला ती मुळीच वाटत नाही. केंद्रात बसून तुमचे काम मनापासून ऐकणारा एक माणूस मिळाला, तर त्या शंभर वॅटच्या प्रक्षेपकाचे बळ तुम्हाला पुरेल.

याच नात्यातून पुढची पायरी आली. १९७७ मध्ये रेझिडेंट्सनी रेडिओ केंद्रांसाठी स्वतःच एक प्रसिद्धीपर कार्यक्रम तयार केला आणि पुढे आपल्याच राल्फ रेकॉर्ड्स या कंपनीमार्फत तो कॅसेटवरही विकला. या घटनेचे महत्त्व एकदम लक्षात येत नाही. प्रसिद्धीचा मजकूर ही सहसा वापरून फेकून द्यायची वस्तू असते. तबकडी खपली की पत्रके रद्दीत जातात आणि मुलाखतींच्या टेप पुसून पुन्हा वापरल्या जातात. या गटाचा जाहिरातीसाठी केलेला कार्यक्रम मात्र लोकांनी पैसे देऊन घ्यावा आणि पुन्हा पुन्हा ऐकावा असा झाला, कारण तो करताना त्यांनी जाहिरातीचे काम आणि संगीताचे काम यांत उच्चनीच मानले नाही. ज्या हातांनी गाणी कापली आणि जोडली, त्याच हातांनी कार्यक्रमही कापला आणि जोडला. प्रास्ताविकाच्या प्रश्नाला माझ्याकडचे पहिले उत्तर हेच आहे.

रेडिओवरच्या लोकप्रिय गाण्यांविषयी या गटाच्या मनात काय होते, हेही पाहिले पाहिजे. १९७६ च्या 'द थर्ड राइश अँड रोल' या तबकडीत त्यांनी १९६० च्या दशकातल्या गाजलेल्या गाण्यांचे तुकडे घेऊन प्रत्येकी सतरा-अठरा मिनिटांच्या दोन सलग रचना केल्या. पद्धत अशी की मूळ गाणे टेपच्या एका ट्रॅकवर घ्यायचे, त्याच्या बरोबरीने दुसऱ्या ट्रॅकवर स्वतः वाजवायचे आणि गायचे, आणि शेवटी मूळ गाण्याचा ट्रॅकच काढून टाकायचा. जे उरते त्यात ओळखीच्या चालीची चाहूल लागते, पण चाल हाती येत नाही. मुखपृष्ठावर लोकप्रिय संगीत-कार्यक्रमांचे निवेदक डिक क्लार्क नाझी गणवेशात, हातात गाजर घेऊन उभे आहेत. लोकप्रिय रेडिओ ही हुकूमशाही आहे, असा या चित्राचा अर्थ. ही तुलना मला आजही बोचते, कारण त्या राजवटीत जे घडले त्याच्या शेजारी गाण्यांच्या यादीची मक्तेदारी ठेवणे मला योग्य वाटत नाही. तथापि त्यामागचा राग खरा होता. कोणते गाणे वाजणार, हे ऐकणाऱ्यांच्या आवडीइतकेच पडद्यामागच्या व्यवहारांवर अवलंबून असे. पैसे घेऊन गाणी वाजवल्याच्या आरोपांवरून १९६० मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे जी चौकशी झाली, तीत खुद्द डिक क्लार्क यांचीही साक्ष झाली होती. त्यानंतर कायदा बदलला आणि प्रसारणासाठी कोणी पैसे दिले असतील, तर ते श्रोत्यांना सांगणे बंधनकारक झाले.

हा संदर्भ ठाऊक असला, म्हणजे १९८० मध्ये त्यांनी जे केले त्याची धार कळते. त्या वर्षी 'द कमर्शियल अल्बम' निघाला. त्यात चाळीस गाणी आहेत आणि प्रत्येक गाणे सुमारे एका मिनिटाचे आहे. तबकडीसोबत छापलेली मांडणी एखाद्या भूमितीच्या सिद्धान्तासारखी आहे: लोकप्रिय गाण्यात धृपद आणि कडवे ही दोनच अंगे असतात. ती तीन मिनिटांत तीनदा येतात. पुनरुक्ती काढली तर गाणे एका मिनिटाचेच उरते. जाहिरातीही एका मिनिटाच्याच असतात. जाहिरातींच्या धून हेच अमेरिकेचे संगीत आहे. म्हणून ज्याला पूर्ण गाणे हवे असेल, त्याने प्रत्येक गाणे लागोपाठ तीनदा लावावे.

यानंतरचे पाऊल मला सर्वांत विलक्षण वाटते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या केएफआरसी या सर्वाधिक लोकप्रिय चाळीस गाणी वाजवणाऱ्या केंद्राकडून त्यांनी एकेका मिनिटाच्या चाळीस जाहिरातींची वेळ विकत घेतली आणि तीन दिवसांत अल्बममधले प्रत्येक गाणे त्या केंद्रावरून प्रसारित झाले. ज्या केंद्राने निवड करून त्यांचे एकही गाणे लावले नसते, त्याच केंद्रावर त्यांची चाळीसच्या चाळीस गाणी वाजली. त्यात लपवाछपवी नव्हती, लाच नव्हती, दर ठरवून उघडपणे केलेला व्यवहार होता. 'बिलबोर्ड' या व्यावसायिक साप्ताहिकाने संपादकीय लिहून विचारले की ही कला म्हणायची की जाहिरात. माझ्या मते प्रश्न चोख होता आणि तो अनुत्तरित राहणे हेच त्या कामाचे यश होते. साबणाच्या आणि मोटारींच्या जाहिरातींमध्ये अचानक एक मिनिट असे येते की त्यात विकायला काही नाही, त्या मिनिटाचीच काय ती जाहिरात आहे.

हे मिनिट कसे असते, ते एका गाण्यावरून सांगतो. 'ईस्टर वुमन' हे अल्बममधले पहिलेच गाणे आहे. सणाच्या दिवशी एक बाई येते आणि गाणाऱ्याच्या पत्नीला परलोकी घेऊन जाते. मृत्यूची एवढी मोठी गोष्ट, तीही अनुनासिक, किंचित कापऱ्या आवाजात, आणि एका मिनिटात संपलेली. दुःख पुरते समजण्याच्या आत पुढचे गाणे सुरू होते. कोणी आधी प्रास्ताविक करून हे गाणे शोकगीत आहे की विडंबन, ते सांगितले असते, तर श्रोत्याच्या मनातली ती घालमेल तेथेच संपली असती. हा माझा दुसरा आणि मुख्य आक्षेप. तुमच्या संगीतात अनोळखीपणा हाच मोठा भाग आहे. तो आधीच उलगडून ठेवलात, तर ऐकण्यासारखे अर्धे काम निघून जाईल.

आपल्याकडे अशा कार्यक्रमांची परंपरा नाही, या तुझ्या म्हणण्याशी मात्र मी सहमत नाही. विविध भारतीची जाहिरात सेवा १९६७ मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूर येथून सुरू झाली आणि पुढे नव्या चित्रपटांचे पंधरा मिनिटांचे प्रायोजित कार्यक्रम घरोघरी ऐकले जाऊ लागले. दोन संवाद, एका गाण्याचा मुखडा, मध्येच एखादी किंकाळी किंवा गाडीचा आवाज, आणि अमीन सयानींसारख्या निवेदकाचा स्वर कथेला ऐन गाठीवर आणून सोडून देणारा. चित्रपट सामान्य असला तरी ती पंधरा मिनिटे मन लावून ऐकली जात, कारण ती करणाऱ्यांना केवळ आवाजातून कुतूहल जागे करता येत असे. तो चित्रपट पाहायला न गेलेल्या श्रोत्यालाही त्या कार्यक्रमातून काहीतरी पुरते मिळालेले असे. त्या निवेदकांकडे व्यावसायिक सफाई होती आणि रेझिडेंट्सकडे प्रयोगाचे धाडस होते. तुम्हाला दोन्हींची गरज आहे.

म्हणून मला सुचते ते असे. जाणकाराचे प्रास्ताविक नको. पहिली तीन-चार मिनिटे कोणीही बोलू नये, तुमचे सर्वांत वेधक ध्वनिमुद्रण सरळ सुरू व्हावे. निवेदन असावे, पण ते बाहेरून चिकटवलेले नको. तुमच्यापैकी ज्याने बाजारातल्या आरोळ्या आणि एसटी स्थानकावरच्या घोषणा मुद्रित केल्या आहेत, त्यानेच निवेदनाचे ध्वनिमुद्रणही हाताळावे, म्हणजे बोलणे आणि वाजवणे एकाच कानाने जुळवले जाईल. गटातल्या सर्वांची नावे, शिक्षण, पारितोषिके यांचा पाढा वाचू नका. नाव लपवा असे मी म्हणत नाही. रेझिडेंट्सचा तो मार्ग त्यांच्या स्वभावातून आला होता आणि त्याची नक्कल केलीत तर ती नक्कलच दिसेल. परंतु नावे शेवटी, एकदाच आणि थोडक्यात यावीत. एखादी रचना चार ठिकाणी तोडून ऐकवण्यापेक्षा एक तरी रचना अखंड ऐकवा, मग ती अकरा मिनिटांची का असेना. आणि लहान रचनांपैकी दोन-तीन अशा निवडा की केंद्राला त्या कार्यक्रमाबाहेरही, दोन कार्यक्रमांच्या मधल्या मोकळ्या मिनिटात, सुट्या लावता येतील. रोजच्या प्रसारणात अशा जागा असतातच आणि त्या भरून काढणारे काही आयते मिळाले, तर केंद्राच्या लोकांनाही ते हवेच असते.

खर्चाचा प्रश्न तू काढलास, तो मी टाळत नाही. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओचे भाडे परवडत नसेल, तर निवेदन घरी रात्री मुद्रित करा. स्वच्छ आवाजाचा आग्रह संगीतापुरता ठेवा, निवेदनात थोडी घरगुती खरखर राहिली तर तुमच्या कामाला ती शोभेलच. प्रवासखर्चाचे मात्र काहीतरी करून जुळवा आणि टेप पोस्टाने न पाठवता केंद्रात स्वतः जा, कार्यक्रम ठरवणाऱ्या व्यक्तीसोबत बसून निदान अर्धा तास तरी ऐका. ऐकताना तिने कुठे मान वर केली, कुठे चुळबुळ केली, ते पाहिल्यावर पुढची काटछाट कशी करायची हे तुमचे तुम्हालाच कळेल.

पहिला अर्धा भाग जुळवून झाला की मला पाठव. निवेदनाचा मसुदा वेगळा कागदावर पाठवू नकोस, मला तो संगीतासकटच ऐकायचा आहे. वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद सांग.

तुझा स्नेहांकित मित्र