त्या मला ओलांडून गेल्या

प्रिय सखी,

सहा महिन्यांत तुला चार ओळीही लिहिल्या नाहीत, याची खंत आहे. प्रकृती ठीक, गुडघा अधूनमधून कुरकुरतो, एवढेच. आज लिहिते आहे, कारण जे घडले ते तुझ्याखेरीज कोणाला सांगावेसे वाटत नाही.

आमच्या आयसीयूत प्रसूती विभागातून एक सिस्टर बदलून आल्या आहेत. तिथे त्यांची चौदा वर्षे गेली. पोटावर नुसता हात ठेवून कळ किती जोराची आहे हे त्या सांगतात. परवा रात्री त्यांच्या रुग्णाची रक्तदाब टिकवून धरणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिनची पंपावरची सिरिंज संपत आली होती. त्या औषधाचा असर काही मिनिटांतच ओसरतो, म्हणून पहिली संपण्याआधी दुसरी भरून तयार ठेवायची असते, हे आमच्या अंगवळणी पडलेले असले तरी त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. पंपाचा अलार्म वाजला, रक्तदाब घसरू लागला आणि मी त्यांना बाजूला सारून सगळ्यांसमोर म्हणाले, "चौदा वर्षे नोकरी झाली ना तुमची?"

रुग्ण सावरला. पण पहाटे व्हेंटिलेटरचा अलार्म झाला, तेव्हा शेजारच्याच बेडपाशी असलेल्या मला ओलांडून त्या पार टोकाला, चार महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या मुलीला विचारायला गेल्या. त्यांची ती पाठमोरी लगबग डोळ्यांपुढून हलत नाही. उद्या त्यांनी कोणालाच विचारले नाही, तर?

तेव्हा तू आठवलीस. सर्जिकल वॉर्डातून डायलिसिसला गेल्यावर "इथे कोणी धड बोलत नाही" असे तू म्हणालीस आणि "तू फारच मनाला लावून घेतेस" म्हणून मी विषय तोडला. त्यावरून आपला महिनाभर अबोला होता. चूक माझी होती. मुरलेली परिचारिकाही अनोळखी विभागात नवशिकीच ठरू शकते, हे अमेरिकेतील परिचर्या-अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्येच मांडले आणि मी ते विद्यार्थिनींना शिकवतही आले आहे.

इन्चार्ज सिस्टरांशी बोलले. पहिले काही आठवडे या नव्या सिस्टरांची ड्यूटी एकाच ठरलेल्या सिस्टरबरोबर लागेल; ती सिस्टर मी असावी का, हे त्यांनीच ठरवावे. आज रात्री हँडओव्हरच्या, म्हणजे ड्यूटी बदलताना रुग्ण सोपवण्याच्या वेळी, जिथे बोलले तिथेच, सगळ्यांसमोर त्यांची माफी मागणार आहे.

लेकीची परीक्षा कशी झाली? सासूबाईंचे डोळ्याचे ऑपरेशन नीट पार पडले ना?

डायलिसिसला तुझ्याशी पहिल्यांदा आपुलकीने कोण बोलले आणि काय बोलले, ते मात्र सविस्तर कळव.

तुझीच,
मैत्रीण