रविवारच्या बोर्ड गेम बैठकीबाबत सूचना

सभासदहो,

येत्या रविवारी दुपारी ४ ते ८, नेहमीच्या हॉलमध्ये बैठक आहे. या वेळी दोन टेबलं, दोन खेळ (कंसात खेळ निघाल्याचं वर्ष) :

• कतान (१९९५) : ३ ते ४ जण. रस्ते-वस्त्या बांधायला लाकूड द्या, विटा घ्या, अशी घासाघीस केल्याशिवाय इथे कुणाचं पान हलत नाही. नवख्यांची भीड याच टेबलावर चेपते, म्हणून त्यांना आधी बसवू.

• पँडेमिक (२००८) : २ ते ४ जण. सगळे एकाच बाजूने रोगांशी लढतात. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. मुरलेल्या खेळाडूंनी दुसऱ्याची चाल ठरवू नये, ही कळकळीची विनंती.

नावं शुक्रवारपर्यंत कळवा. खेळताना मोबाइल बाजूला. बरेच दिवस न फिरकलेल्या एखाद्या सभासदाला स्वतः फोन करा. मेसेजने माणूस येतोच असं नाही. निघताना सोंगट्या, पत्ते मोजून डब्यात ठेवा.