दिवा बॅटरीवर न्या, पण आधी पिन कापा

संपादक महोदय,

आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांत हल्ली जुने टेबल लँप बॅटरीवर करून घेण्याचे चालले आहे. कारण लोडशेडिंग नव्हे. दिवे गेलेच तर ते बहुधा गुरुवारच्या दुरुस्तीसाठी, तेही दिवसाउजेडी. कारण आहे वायर. वाड्यातल्या खोलीत प्लगपॉइंट एकच, तोही दाराशी, आणि म्हातारे माणूस झोपणार खिडकीपाशी. मग एक्स्टेन्शन आडवे टाकायचे, वर पायपुसणे अंथरायचे आणि रात्री उठणाऱ्याने नेमका त्यातच पाय अडकवायचा. आमच्या सासूबाई नव्वदीच्या घरात आहेत, पहाटे उठून पोथी वाचतात. त्यांच्या उशाचा पितळी दिवा मी बॅटरीवर नेला तो यासाठीच. काम अवघड नाही. पण तेच काम बाजारात कसे करून देतात ते पाहिले आणि हे पत्र लिहायला बसले.

शेजारच्या बिऱ्हाडाने आपला दिवा बुधवार पेठेतल्या एका दुकानातून करून आणला. दुकानदाराने बॅटरीच्या डब्याला घरात भिंतीवर असते तेच टू-पिन सॉकेट बसवले, दिव्यात १२ व्होल्टचा बल्ब घातला आणि दिव्याची जुनी वायर पिनेसकट तशीच ठेवली. "पिन कशाला कापायची, पुढेमागे उपयोगी पडेल," असे वर सांगितले. ती उपयोगी पडली! कामाला येणाऱ्या मावशींनी केर काढताना डबा बाजूला सारला आणि दिव्याची पिन सवयीने भिंतीत खोचली. १२ व्होल्टच्या बल्बाला २३० व्होल्ट मिळाल्यावर व्हायचे तेच झाले. फाटकन आवाज, धूर, आणि होल्डर आतून काळाठिक्कर. कोणाला इजा झाली नाही. मावशींना मात्र उगाच बोलणी बसली. त्यांचा काय दोष? पिन दिसली, सॉकेट दिसले, लावली. १२ आणि २३० व्होल्टच्या बल्बांची बुडे सारखीच असतात, त्यामुळे नुसते पाहून कोणाला कळणार?

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मुलांनी जाळलेले अँमीटर दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षे गेली, तेव्हा या विषयात बोलण्याचा थोडा हक्क आहे असे समजते.

वायरचा दिवा बॅटरीवर चालवायचे मार्ग तसे तीन. पहिला, आतच छोटी बॅटरी असलेला इन्व्हर्टर बल्ब आणून घालणे. दिवे गेल्यावर तो छान चालतो, पण पिन भिंतीतून काढलेल्या दिव्यात तो बहुतेक पेटतच नाही. बटण चालू आहे की नाही हे तो घरातल्या वायरिंगमधून ओळखतो, आणि पिनच काढली तर बटण बंद आहे असे समजून गप्प बसतो. म्हणजे वायर काही सुटत नाही. दुसरा, बॅटरीपुढे छोटा इन्व्हर्टर लावून पुन्हा २३० व्होल्ट तयार करणे. पाच वॅटच्या बल्बासाठी हा खटाटोप मला पटत नाही. इन्व्हर्टर स्वतःच वीज खातो आणि शॉकची भीती जिथल्या तिथे राहते. तिसरा, सगळा दिवाच १२ व्होल्टवर नेणे. भाजीच्या आणि भेळेच्या हातगाड्यांवर संध्याकाळी जो एलईडी बल्ब जळतो तो असाच.

आमच्या दिव्याची वायर सुती वेष्टणाची होती. होल्डर उघडून ती ओढली तर आतले रबर बिस्किटासारखे चुरून हातात आले आणि पितळी नळीच्या तोंडाशी तांब्याची उघडी तार दिसली. अर्थिंग नाही, सगळा स्टँड धातूचा, आणि सासूबाई ओल्या हाताने तो सरकवणार. १२ व्होल्टवर ही भीती जाते. नवी तांबडी-काळी वायर नळीतून ओवली आणि ओढ स्क्रूवर येऊ नये म्हणून होल्डरच्या टोपणात तिला गाठ मारली. जुनेच होल्डर आणि जुनेच बटण चालले. बल्ब मात्र १२ व्होल्ट डीसी असे छापलेला पाहून घ्यावा. लावल्यावर पेटला नाही तर काढून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवावा. खुंटीचा बल्ब होल्डरमध्ये दोन्ही बाजूंनी बसतो आणि काही बल्बांना उलटी जोडणी चालत नाही.

बॅटरी मी संगणकाच्या यूपीएसमध्ये असते ती सीलबंद, १२ व्होल्ट ७ एएचची (म्हणजे अँपिअर-तासांची) घेतली. नवी घेतली, यूपीएसमधून काढलेली जुनी दमलेलीच असते. पाच वॅटचा बल्ब सुमारे ०.४ अँपिअर ओढतो. बॅटरी निम्मीच वापरायची म्हटले तरी आठेक तास उजेड मिळतो. ही बॅटरी पूर्ण उतरवून तशीच ठेवली की लवकर मरते, म्हणून रोज चार्जिंगला लावावी. वजन दोन किलोच्या आसपास. आमच्याकडे ती दिव्याखालच्या लाकडी खोक्यात आहे, दिवा त्यामुळे कलंडतही नाही. खोक्याला भोके हवीत, चार्ज होताना थोडा वायू सुटू शकतो. हलकी हवी असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या, पण तिचा चार्जर वेगळा असतो. घरात पडलेला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर यांपैकी कशालाही थेट लावू नये. जुन्या बाजारात सुटे लिथियम सेल मिळतात, स्वस्तही असतात. कोणी कसे वापरले हे माहीत नसलेली ती वस्तू मी तरी म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी ठेवणार नाही.

फ्यूज घालायला लोक कंटाळतात. शॉक बसत नाही म्हणजे धोका नाही, असा समज आहे. या एवढ्याशा बॅटरीची दोन टोके चुकून जुळली तर वायर क्षणात लाल होते आणि वेष्टण पेटते. बॅटरीच्या तांबड्या टोकापासून वीतभराच्या आत दोन अँपिअरचा फ्यूज हवाच. शेजाऱ्यांच्या डब्यात तो नव्हता.

आणि पिन. सीसीटीव्ही कॅमेऱ्याला असते ती गोल डीसी पिन आणि तिची जोडीदार तपकीर गल्लीत सहज मिळते, किंमतही किरकोळ, वायर स्क्रूने आवळता येते. ती भिंतीतल्या सॉकेटात जाऊच शकत नाही. जुनी पिन कापून टाकावी, 'राहू दे' म्हणून दिव्याला लटकत ठेवू नये. दुकानदारांना माझी विनंती एवढीच: बॅटरीच्या डब्यावर टू-पिन सॉकेट बसवणे आजपासून बंद करा, आणि १२ व्होल्टचा बल्ब काउंटरवर ठेवताना गिऱ्हाइकाला विचारा, "दिव्याची पिन कापलीत का?" उत्तर नाही असे आले तर पक्कड तुमच्या हाताशी असतेच.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, नारायण पेठ, पुणे