बाबा, शिकवणी लावली आहे

बाळीवेस, सोलापूर
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हे सांगायला गेले की बाबा "बरं, बरं" म्हणून फोन आईकडे देतात, आई जेवलीस का विचारते, आणि सांगायचं राहून जातं. गेले तीन रविवार असंच झालं, म्हणून लिहितेय. समोरच्या अक्कांचा मुलगा उद्या सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला निघालाय. तुम्हाला दादाकडे पोचवायला त्याच्याकडे हे पत्र आणि पिशवी देते आहे.

बाबा, मी कॅटसाठी, म्हणजे त्या एमबीएच्या प्रवेश परीक्षेसाठी, शिकवणी लावली. १ तारखेपासून जातेय. पंधरा दिवस झाले तरी तुम्हाला सांगितलं नाही, हे रोज टोचतं. दादानं पुण्यातल्या क्लासची चौकशी केली, तुम्ही पोस्टातली ठेव मोडायला निघालात. त्याला मी नको म्हणाले, तेव्हा मी पुन्हा तुमच्याकडेच बसणार असं तुम्हाला वाटलं असणार. "आईचा गुडघा सुधारला की घरी येऊन सुरू करू" असं तुम्ही म्हणालात आणि मी गप्प राहिले. तो होकार नव्हता. तेव्हाच बोलायला हवं होतं, जीभ रेटली नाही.

तुमच्या शिकवण्यात काही कमी होतं म्हणून मी दुसरीकडे गेलेले नाही. हे वाक्य दोनदा वाचा आणि मगच पुढे जा.

मागच्या वर्षी २४ नोव्हेंबरला हॉलमध्ये काय झालं ते मी तुम्हाला नीट सांगितलंच नाही. निकाल लागल्यावर आपण तिघंही त्या विषयाला बगल देत राहिलो. आई, तू नागपूरच्या मावशीला "७१ टक्के पडले" म्हणून सांगितलंस, मी तुला अडवलं नाही. ते टक्के नव्हते गं. शंभरातले ७१ जण माझ्या मागे होते, एवढाच त्याचा अर्थ. चांगल्या कॉलेजांना ते फार कमी पडतं. त्यातही इंग्रजीनं मला सावरलं होतं. सगळ्यात कमी पडलं ते गणितात. माझ्या गणितात! बाबा, तुमचा चेहरा त्या दिवशी कसा झाला होता ते मी पाहिलं, आणि तुम्ही लगेच चष्मा पुसायला घेतलात तेही.

गणिताला ४० मिनिटं आणि २२ प्रश्न. त्या भागाची वेळ संपली की तो बंद, मागे जाता येत नाही. वर्तुळाचा एक प्रश्न आला. जीवा, स्पर्शिका, सगळं ओळखीचं. मी रफ कागदावर आकृती काढली आणि खाली पक्ष, साध्य, सिद्धता असं लिहायला लागले. प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण. उत्तर बरोबर आलं, पण घड्याळात सात मिनिटं गेली होती. पुढे बेरीज-वजाबाकीइतके सोपे प्रश्न होते, तिथवर मी पोचलेच नाही. बावीसपैकी नऊ सोडवले. बोर्डाच्या पेपरात पायरीला गुण असतात. तुम्ही एकतीस वर्षं पोरांना तेच सांगितलंत आणि तेच बरोबर होतं. या परीक्षेत रफ कागद कुणी बघत नाही. बरोबर उत्तराला ३, पर्यायांतलं चुकीचं निवडलं तर १ वजा. कुठला प्रश्न सोडून द्यायचा हाच निम्मा अभ्यास. आणि तुमच्या समोर बसून गणित अर्धवट सोडायला माझा हात होत नाही. तुम्ही शेजारी असलात की मी आपोआप समास आखते.

दुसरं कारण तुमच्या तब्येतीचं आहे. मागच्या दिवाळीत तुम्ही माझ्यासाठी तर्काचे ते तक्ते सोडवत रात्री दीड-दोनपर्यंत बसायचात. मी झोपले असं समजून स्वयंपाकघरात दिवा लावून. मी जागी असायचे. डिसेंबरात नळाजवळ तुम्हाला चक्कर आली, डॉक्टर झोपेबद्दल बोलले, आणि तुम्ही माझ्याकडे बघून "उन्हामुळे" म्हणालात. डिसेंबरात कसलं ऊन, बाबा? त्या दिवशीच मी ठरवलं होतं की पुन्हा परीक्षा देईन, पण तुमच्या झोपेवर नाही.

शिकवणी मी घाईनं निवडली नाही, तुम्ही भाजी निवडता तशीच निवडली. तीन ठिकाणी गेले. पहिल्या ठिकाणी भिंतभर मुलांचे फोटो होते. मी विचारलं, यांतल्या किती जणांना तुम्ही स्वतः शिकवलं? तर विषय फीवर गेला, आणि फी सगळी आधी भरायची. दुसऱ्या ठिकाणी शिकवणारा मुलगा माझ्याच वयाचा, फार हुशार. माझ्यासमोर सहा गणितं अशी भराभर सोडवली की बघत राहावं. पण तासाभरात त्यानं मला एकही गणित करायला दिलं नाही. घरी येताना मला त्याचं गणित आठवत होतं, माझी चूक कुठे होते ते मात्र कळलं नव्हतं.

तिसऱ्या या बाई, सात रस्त्याजवळ राहतात. पूर्वी इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवायच्या, सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सोडली. एका वेळी चारच मुलं घेतात. मला म्हणाल्या, आधी ४० मिनिटांचा पेपर सोडव, मग बोलू. मी सोडवत होते आणि त्या समोर गवार मोडत बसल्या होत्या. मला वाटलं लक्ष नाही. पेपर झाल्यावर त्यांनी उत्तरं बघितलीच नाहीत. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीनं मिनिटं लिहिली होती, मी कुठल्या प्रश्नावर कधी आले, कधी हलले ते सगळं. चौथ्या प्रश्नावर बोट ठेवून विचारलं, "इथं दोन मिनिटांत कळलं होतं ना जमत नाही? मग साडेपाच मिनिटं का बसलीस?" मला रडूच आलं, बाबा. मागच्या नोव्हेंबरापासून मला हेच कुणीतरी विचारायला हवं होतं.

मग मी माझे प्रश्न विचारले. सराव परीक्षा झाल्यावर पेपर घेऊन बसणार का? म्हणाल्या, शिकवणं त्यातच आहे. परीक्षा दोन तासांची असेल तर चर्चा तीन तासांची. इंग्रजी शिकवणार का, तर सरळ नाही म्हणाल्या. "उतारे वाचायला मी शिकवू शकत नाही, रोज तासभर तुझं तुलाच वाचावं लागेल." हे ऐकून माझा विश्वास आणखी बसला. फी महिन्याची महिन्याला, साडेचार हजार, माझ्या पगारातून. ठेवीला हात लावायचा नाही. आईच्या फिजिओथेरपीला आणि पुढे लागेल त्याला ती राहू द्या. सीईटीचं, म्हणजे एमबीएच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेचंही त्याच बघणार आहेत. तिथे २०० प्रश्न, १५० मिनिटं आणि चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. कॅटला हात आवरायचा, सीईटीला आवरायचा नाही. या दोन सवयी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून डिसेंबरपर्यंत सीईटीचं पुस्तक उघडायचं नाही अशी त्यांची ताकीद आहे.

एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे. परवा नळ आणि टाकीचं गणित होतं. एक नळ १२ तासांत टाकी भरतो, दुसरा १८ तासांत, दोन्ही मिळून किती? मी एक छेद बारा अधिक एक छेद अठरा करायला घेतलं. बाई म्हणाल्या, अपूर्णांक कशाला, टाकी ३६ लिटरची समज. एक नळ तासाला ३ लिटर, दुसरा २, दोन्ही मिळून ५. छत्तीस भागिले पाच, ७ तास १२ मिनिटं. मी पेन खाली ठेवलं. पाचवीत असताना, पाणी यायच्या दिवशी, मोरीत पितळी घागर आणि निळी बादली घेऊन तुम्ही मला हेच शिकवलं होतं. "अपूर्णांक राहू दे, मला बादल्या सांग." आई ओरडत होती की पाणी जाईल आणि तुम्ही माझ्याकडून बादल्या मोजून घेत होतात. अपूर्णांकांची रीत आठवीत आली, ती बोर्डासाठी. मी बाईंना सांगितलं, हे मला बाबांनी शिकवलंय, मी विसरले होते. त्या म्हणाल्या, तुझा पाया पक्का आहे, वरचं थोडं उतरवायचंय. मी हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. त्या असंच म्हणाल्या.

आणि मी हे सगळं कशासाठी करतेय, ते आईला पुन्हा एकदा सांगते. कारखान्यात चार वर्षं झाली. टॉवेल विणून, धुऊन, पॅक होऊन तयार असतात आणि कंटेनरची वेळ चुकते. सूत एका महिन्यात जास्त येतं, दुसऱ्या महिन्यात माग थांबतात. हे असंच चालायचं, असं सगळे म्हणतात. ते तसं का चालतं आणि कसं बदलायचं, हे मला शिकायचंय. मुंबईचं नीटी, ज्याला २०२३ पासून आयआयएम मुंबई म्हणतात, तिथे याच कामाचं शिक्षण मिळतं. ते नाही मिळालं तर सीईटीवर मुंबईचंच जमनालाल बजाज कॉलेज. तेही नाही मिळालं तर नोकरी आहेच, ती सोडलेली नाही. म्हणून काळजी करायची नाही. आणि आई, त्या पंढरपूरच्या मंडळींना मे महिन्यापर्यंत थांबायला सांग. थांबणार नसतील तर गोडीनं नाही म्हण. माझ्यावर रागावू नकोस.

घरचं सगळं ठीक आहे. पाणी चार दिवसांआड येतंय, टाकी आणि पिंप दोन्ही भरून ठेवते. मोटारीचा खटका तू सांगितलास तसा आधी वर, मग खाली करते. तुळशीला बोळक्यानं पाणी घालते. शिकवणीहून साडेआठला घरी येते, स्कूटी अक्कांच्या दारात लावते, त्या मी येईपर्यंत ओट्यावर बसून असतात. मंगळवार-शुक्रवार त्यांच्याकडेच जेवते, बाकी दिवस स्वतः भाकरी करते. पहिल्या आठवड्यात कडा फाटत होत्या, आता फुगते. खरंच फुगते. रात्री तुझी मऊ झालेली चादर घेते, ती निळ्या-पांढऱ्या चौकड्यांची, कडेला जिचे दोरे मी लहानपणी चावले होते. घर फार शांत वाटतं. घड्याळाला चावी द्यायला दोनदा विसरले, तर बंद पडल्याचं लगेच कळलं, एवढी शांतता.

उद्या शेवटचा श्रावणी सोमवार. तुझ्याऐवजी मी पहाटे सिद्धेश्वराला जाऊन येणार आहे, त्यामुळे देवळात जायला मिळालं नाही म्हणून वहिनीजवळ हळहळत बसू नकोस.

आता ऐका. आई, गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही, कितीही बरं वाटलं तरी. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवून गुडघा खाली दाबायचा, दिवसातून तीनदा, आणि वहिनीनं आठवण करायची वाट बघायची नाही. खाली बसून काही निवडायचं नाही. बाबा, बीपीची गोळी सकाळी नाश्त्याबरोबर, "आज बरं वाटतंय" म्हणून टाळायची नाही. रात्री दहाला दिवा बंद. दादाला सांगितलंय, तो बघणार आहे. पिशवीत शेंगाचटणी आहे, मीठ कमी घातलंय, तरी तुम्हाला एका वेळी एकच चमचा. कडक भाकरी आईसाठी आहे, ती तुम्ही मोडून खाऊ नका. तुम्हाला दाताचा त्रास होतो. दुधात भिजवून चालेल.

३० नोव्हेंबरला परीक्षा आहे. तोवर गणिताबद्दल मला काही विचारू नका, मी सांगेन तेव्हा ऐका. एवढं माझं ऐका. पण एक मागायचंय. लोखंडी कपाटात तुमच्या भूमितीच्या वह्या आहेत, तपकिरी पुठ्ठ्याच्या. प्रमेयांसाठी नकोत मला. समासात तुम्ही लाल पेनानं बारीक अक्षरात पोरांच्या चुका टिपून ठेवायचात ना, कोण कुठे घसरतं ते? बाईंनी मला चुकांची वही घालायला सांगितलंय आणि मला ती तुमच्यासारखी घालायची आहे. किल्ली पिवळ्या पेटीत नाही, मी दोनदा पाहिलं. कुठे आहे ते उद्या फोनवर सांगा, फोन आईकडे देण्याआधी.

तुमची,
छकुली

ता. क. – चटणीचा डबा रिकामा करून त्याच मुलाबरोबर परत पाठवा, तो गुरुवारी निघेल. बाबा, डब्यात पैसे ठेवू नका.