चेक एकदाच मिळतो, पोफळीला सात वर्षं लागतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पूर किंवा वादळ आलं की पेपरात दोन आठवडे पंचनामे, पॅकेज आणि मंत्र्यांचे दौरे, मग विषय संपला. पुढे त्या गावाचं काय होतं ते कोणी छापत नाही म्हणून लिहितोय, पत्र कापलंत तरी चालेल पण आकडे तेवढे ठेवा.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर या पट्ट्यात घरांचे पत्रे आणि कौलं उडाली ती वर्षभरात परत चढली, पण आगरं, म्हणजे घराभोवतीच्या नारळ-सुपारीच्या बागा, गेली त्याचं काय? आमची रोठा सुपारी नावाजलेली, आणि इथे एकेकाची आगरं म्हणजे चार-पाच गुंठे, त्यातच माड, पोफळी (सुपारीची झाडं), खाली जायफळ, मिरी. सरकारने फळबागेची मदत हेक्टरी 18 हजारांवरून 50 हजार केली, ऐकायला बरं वाटलं, पण पाच गुंठेवाल्याने हिशोब केला तर हातात अडीच हजार! ओरड झाल्यावर झाडामागे पैसे द्यायचं ठरलं, माडाला 250 आणि पोफळीला 50 रुपये. मोडलेली पोफळ आगराबाहेर काढायची मजुरी तरी त्यात निघते का हो?

आणि तेवढे पैसेही सगळ्यांना वेळेत मिळाले असं नाही. कोकणातला सातबारा म्हणजे आजोबा-पणजोबांपासूनची नावं, निम्मे मुंबईत, काही तर हयातच नाहीत, त्या सगळ्यांची संमतीपत्रं आणा म्हणे, ते पण लॉकडाऊनमध्ये! जो रोज शिपणं करतो, म्हणजे आगराला पाणी देतो, त्याचं नाव कधी कधी सातबारावर नसतंच.

बरं, मुख्य मुद्दा वेगळाच आहे. सुपारी रुजवून रोप लावण्याजोगं व्हायलाच वर्ष-दीड वर्ष जातं, पुढे फळ धरायला पाच ते सात वर्षं, आणि ते रोप उघड्यावर टिकत नाही, उन्हाने करपतं. आधी माडांची सावली होती, ती वादळाने नेली, म्हणून पहिल्यांदा केळी लावा, ती वाढली की सावलीत पोफळ लावा, आणि हे सगळं पंपाच्या पाण्यावर, तर वादळानंतर काही गावांत महिना-महिना लाईट नव्हती. त्यात पडलेल्या माडांची खोडं जिथल्या तिथे कुजली, त्यात गेंड्या भुंगा पैदा होतो आणि तो उभ्या राहिलेल्या माडांचे कोंब पोखरतो. म्हणजे वादळ गेलं तरी नुकसान चालूच. खोडं पहिल्या दोन-तीन महिन्यांत उचलायला हवी होती, पण गावात झाडं कापायची मशीन किती होती विचारा, ज्याच्याकडे होती त्याचा भाव तेव्हा गगनाला. वर्ष होतंय तोवर मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की आगराची मदत एका चेकमध्ये संपवू नका. पहिल्या पावसाळ्यात साफसफाई आणि खोडं उचलायचे पैसे, दुसऱ्या वर्षी केळी आणि रोपं, आणि नंतर फळ धरेपर्यंत दरवर्षी शिपण्या-खताला थोडं थोडं, झाड जिवंत आहे का ते बघून द्या हवं तर. चांगली रोपं ऐनवेळी मिळत नाहीत, तेव्हा दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धनातच आहे, तिथे जास्तीची रोपं कायम तयार ठेवायला काय हरकत आहे? मशीन करवती आणि पाण्याच्या पंपासाठी एक जनरेटर प्रत्येक ग्रामपंचायतीत मे महिन्याच्या आधी चालू करून बघितलेला असावा, नुसता कागदावर नको. किनाऱ्यावरची सुरूची झाडं पण ढिगाने पडली, तिथे नुसता सुरू न लावता उंडी, केवडा असं मिसळून लावा, हे जुनी माणसं सांगतातच.

आमच्याकडची तरुण पोरं आगर विकून रिसॉर्टवाल्यांना देतायत, मी त्यांना नावं ठेवत नाही, सात वर्षं उत्पन्नाशिवाय कोण थांबेल. पण पुढच्या वादळाआधी हा हप्त्यांचा जीआर निघू शकतो, आमच्या आमदार-खासदारांनी तेवढं अधिवेशनात विचारावं आणि तुमच्या पेपरने त्यांना विचारावं.

आपला,
एक आगरवाला, ता. श्रीवर्धन