तो फलक सजावट नव्हता, मंत्रिमहोदय

माननीय ग्रंथालय मंत्री यांस,

सविनय नमस्कार. मी एका सार्वजनिक ग्रंथालयाचा बालविभाग 11 वर्षे सांभाळते. सोमवारी कामावर आले, तर आमच्या मुलांच्या फलकावर तुमच्या खात्याची परिपत्रके टाचलेली. मुलांची कार्डे कचऱ्याच्या डब्यात. तपासणी पथक येणार म्हणून भिंत ‘नीट’ केली म्हणे! हा फलक मुलांसाठीच राखीव राहील, असे तुमच्याच कार्यालयाने लेखी कळवले होते. पत्र माझ्याकडे आहे.

फलकाची खालची कड जमिनीपासून दोन फुटांवर होती, सहा वर्षांच्या मुलाचा हात पोचावा म्हणून. टाचण्या नाहीत, सगळे वेल्क्रोवर. संगणक आल्यापासून पडून असलेले पुस्तकांतले कार्डाचे खिसे मी जपून ठेवले होते, ते त्यावर चिकटवले. प्रत्येक खिशावर झडपेसारखे एक कार्ड, त्यावर एक कोडे. झडप उचलली की खाली पुस्तकाचे मुखपृष्ठ. शेजारी कोऱ्या चिठ्ठ्या. चार महिने कुणाशी एक शब्द न बोललेल्या मुलाने त्यातल्या एकीवर लिहिले, ‘शेवट चुकलाय. हत्तीला घरी जायचंच नव्हतं.’ दुसऱ्या दिवशी तिघांनी खाली उत्तरे लिहिली. आठवडाभरात तो त्या तिघांशी मोठमोठ्याने भांडत होता. मी त्याला गप्प केले नाही. ती चिठ्ठी मला डब्यात सापडली, चुरगळलेली.

रात्री जागून मी ती कार्डे कापली. मनगट सुजले, तरी रजा घेतली नाही. कार्डशीटसाठी सहा अर्ज केले, एकाचेही उत्तर नाही. शेवटी स्वतःच्या पैशांनी आणले. आणि तुमच्या माणसांना तो पसारा वाटला?

‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हे सूत्र ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 साली मांडले. कपाटातली पुस्तके मुलांकडे पाठ करून उभी असतात. अक्षरे जुळवत वाचणारे मूल पाठीवरचे बारीक नाव वाचून पुस्तक निवडत नाही. पुस्तकाची ओळख त्याला कुणीतरी करून द्यावी लागते, आणि तेच काम तो फलक करत होता. संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क कराराचे कलम 17 मुलांच्या पुस्तकांच्या प्रसाराला प्रोत्साहन द्यायला सांगते, कलम 12 मुलांना मत मांडण्याचा हक्क देते. आमच्या तपासणीच्या तक्त्यात मात्र खुर्च्या मोजतात, कपाटे मोजतात, दाखल पुस्तके मोजतात. मूल काय म्हणाले याला रकाना नाही. ज्याला रकाना नाही ते या व्यवस्थेच्या लेखी घडलेलेच नसते, आणि आयुष्यभर असल्या तक्त्यांवर सह्या करून मी थकले आहे.

काल तो मुलगा आला. फलकापुढे उभा राहिला. तुमच्या परिपत्रकाचे टोक उचलून त्याने खाली काही आहे का ते पाहिले, आणि निघून गेला.

परिपत्रकांना कार्यालयात भिंती आहेत. याच आठवड्यात ती तिकडे लावा आणि आमचा फलक मोकळा करा. खिसे मी पुन्हा चिकटवते.

आपली,
बालविभागातील एक कर्मचारी